दाव्याची गाठ

आमच्या पथकात पाच पाणबुडे होते, एक साहेब होते आणि या सहाही जणांवर हुकूम चालवणारा एक म्हातारा होता. म्हाताऱ्याला पोहता येत नव्हतं. किती येत नव्हतं? तर घाटावर पाय धुवायचे झाले, तरी हा माणूस गडूभर पाणी घेऊन दहा पावलं मागे यायचा आणि मग धुवायचा. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिलं तर म्हणतील, "माहं नाव कायले लिव्हलं वो? जाकिटायचे लिव्हाचे ना!"

म्हणून जाकिटांची नावं आधी सांगून टाकते : चांद्या, ढवळ्या, लाल्या, भुऱ्या, गरीब्या आणि मारक्या. काकाजींच्या घरच्या गोठ्यात आजवर जे बैल होऊन गेले, त्यांची ही नावं. मारक्या साहेबांकडे होता. त्याचं बटण मधूनच अडकायचं आणि नको तेव्हा फुगायचं, म्हणून तो मारक्या. गरीब्या माझा. दोन वर्षांत त्यानं कधी कोणाला त्रास दिला नव्हता.

हे जाकीट म्हणजे थंडीतलं नव्हे. पाणबुड्याच्या अंगावर बिनबाह्यांचं एक जाड जाकीट असतं, त्याच्या पोटात हवेची पिशवी असते. पाठीला सिलिंडर बांधायचा तो त्यालाच. डाव्या खांद्यावरून एक नळी लोंबते. तिचं एक बटण दाबलं की हवा पिशवीत जाते आणि माणूस वर येतो, दुसरं दाबलं की हवा निघते आणि माणूस खाली जातो. उजव्या खांद्यावर आणखी एक झाकण असतं, त्याची दोरी ओढली की हवा भसकन बाहेर. एवढंच यंत्र. पण हवा राहायला हवी तेव्हा राहिली नाही, तर पुढचं सगळं संपलंच.

आणि हवा हा काकाजींचा विषय होता. त्यांचं गाव आसगाव. पवनीच्या रस्त्यावर त्यांनी आयुष्यभर सायकलींची पंक्चरं काढली. पुढे पोरंटोरं मोटारसायकलींवर बसायला लागली आणि दुकान ओस पडलं. त्याच सुमारास आमचे साहेब, फौजेतून निवृत्त झालेले, नदीकाठी एक शेड बांधून पथक उभं करत होते. कुठून तरी जुनी सहा जाकिटं आणली, ती सगळी गळकी. कोणी तरी सांगितलं, आसगावच्या म्हाताऱ्याला दाखवा. काकाजींनी सहाही टबात बुडवली, बुडबुडे पाहिले, झाकणं उघडली, पुसली, बसवली. मग जाकिटं शेडवर पोचवायला म्हणून आले ते परत गेलेच नाहीत. साहेबांनी नेमलं नाही, यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल उभी होती आणि विहिरीवर बादली वाजत होती.

आमचं काम तसं फुटकळच. कुणाचा मोटारपंप तलावात घसरला, मासेमार ढीवरभाऊंचं जाळं बंधाऱ्याच्या गेटात अडकलं, लग्नाआधीच्या फोटोसाठी बांधाच्या टोकाला गेलेल्या नवरदेवाचा मोबाईल पडला, की बोलवा यांना. कधी माणूसही शोधावा लागायचा. त्या दिवसांबद्दल मी आज बोलणार नाही.

मी सिहोऱ्याची. आमच्याकडे धान, तलाव आणि पुन्हा धान. पोहायला म्हशींच्या शेपट्या धरून शिकले. पथकात पहिली आणि एकुलती मुलगी, त्यामुळे आल्या दिवशी मी जरा छाती काढूनच होते. काकाजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, एक फुगवलेलं जाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "कान लाव."

"काय ऐकू?"

"काईच ऐकू नाई आलं पायजे. ऐकू आलं त सांग."

मी कान लावला. अर्धा तास लावून घेतला त्यांनी! पोरं हसत होती. अर्ध्या तासानं मी वैतागून म्हटलं, "काकाजी, काहीच ऐकू नाही येत."

"मंग थे जाकीट चांगलं हाये," ते म्हणाले. "अन् तू बी चालशीन. पहिल्यांदा येनाऱ्या पोरायले कायी ना कायी ऐकूच येते."

त्यांचा नियम तीन पाण्यांचा. पाण्यातून वर आलात, की आधी स्वतःचं डोकं पुसायचं नाही, चहा मागायचा नाही, काय दिसलं ते सांगत बसायचं नाही, आधी जाकीट. पहिलं पाणी बाहेरून : पट्टे, बकलं, खिसे, सगळं चोळून. दुसरं पाणी आतून : नळीचं बटण दाबून धरायचं, तोंडातून पाणी ओतायचं, पोट तिसरा हिस्सा भरलं की हवा फुंकायची आणि जाकीट हातात धरून खालीवर, डावीउजवीकडे घुसळायचं. मग उलटं टांगून नळीतून सगळं पाणी काढायचं. तिसरं पाणी पुन्हा आतून. याला ते 'पाजनं' म्हणत. पाणी विहिरीचंच, तेही गाळलेलं. "जे पानी मी नाई पेत, थे जाकिटाले नाई पाजत," हे दिवसातून चारदा ऐकावं लागायचं.

नंतर आंब्याच्या सावलीत, बांबूवर, अर्धी हवा भरून टांगायचं. उन्हात टांगलेलं दिसलं तर त्या माणसाशी दोन दिवस बोलणं बंद. पूर्ण फुगवून टांगलं तरी बोलणं बंद, पूर्ण रिकामं टांगलं तरीही. "जनावर उपाशी बी बांधू नाई अन् फुगवून बी नाई," म्हणायचे.

आणि शेवटी धागा. पाण्यात उतरायच्या आदल्या रात्री जाकीट टम्म फुगवून ठेवायचं. सकाळी काकाजी येणार, बोटानं दाबून पाहणार, कान लावणार, आणि हवा जशीच्या तशी असेल तर नळीला लाल धागा बांधणार. धागा असेल तेच जाकीट पाण्यात जाणार. साहेबांनीसुद्धा हा नियम मान्य केला होता, आणि साहेब कुणाचं काही मान्य करणारे नव्हते.

एकदा समुद्रात बुड्या मारणारे एक मोठे पाहुणे आले होते. गॉगल, महागडं घड्याळ, बोलणं गोड. आमच्याबरोबर नदीत एक बुडी मारून आले आणि काकाजींचा हा सोहळा पाहून हसले. म्हणाले, "अहो, हे धुणं समुद्राच्या मिठासाठी असतं. तुमचं पाणी गोडं. नुसतं झटका आणि टांगा."

काकाजींनी पाहुण्यांचं जाकीट उचललं आणि विहिरीवर नेलं. दुपारी जेवणाची पंगत बसली. पाहुण्यांसमोर वरण-भात, वांग्याची भाजी आणि ताटाशेजारी एक स्टीलची वाटी. वाटीत गढूळ पाणी. तळाला चिखल, वर शेवाळाचे हिरवे तंतू, आणि मोहरीएवढी एक गोगलगाय वाटीच्या काठावर सावकाश चढत होती.

"हे काय?" पाहुण्यांनी घास हातातच ठेवून विचारलं.

"तुमच्याच जाकिटाचं दुसरं पानी हाये, साहेब. मीठ त विरघळते बिचारं. चिखल नाई विरघळत. थो त्या झाकनात जाऊन बसते अन् तुमची वाट पायते."

पाहुणे सज्जन होते. जेवण झाल्यावर बाह्या सरसावून तीन पाण्यांनी स्वतः जाकीट धुतलं, आणि जाताना गोगलगायीचा फोटो काढून नेला.

पोळ्याची तर गंमतच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळद घेऊन, पळसाच्या पानानं. वर्षभर जू ओढून सुजलेला खांदा, त्याचे आभार मानायचे. काकाजींनी त्या संध्याकाळी चुलीवर कोमट पाणी केलं, पळसाचं पान बुडवलं आणि सहाही जाकिटांचे खांदे शेकायला बसले. रोशन म्हणून आमच्यातला एक वात्रट पोरगा होता, त्यानं विचारलं, "काकाजी, तूप कुठी हाये?"

"रबराले तूप चारतेत का बे? सडून जाईन. अक्कल नाई तुले!"

मग हात जोडून जाकिटांना म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आम्ही हसून हसून लोळलो. पण खरी मजा दुसऱ्या दिवशी झाली. जवळच्या गावात बैल धुताना सरपंचाची सोन्याची अंगठी तलावात पडली आणि त्यांचा माणूस धावत आला. साहेब तयार. काकाजींनी शेडला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि सायकलवर जाऊन बसले.

"आज बैल जुपत नाईत," म्हणाले.

"काकाजी, ती जाकिटं आहेत!" साहेब ओरडले.

"मंग कालचं आवतन काय खोटं होतं?"

साहेबांनी फौजेत कोण जाणे कितीकांना सरळ केलं असेल, पण या माणसापुढे त्यांचं काही चालेना. शेवटी रोशन चड्डीवर तलावात उतरला, श्वास रोखून सात-आठ बुड्या मारल्या आणि अंगठी घेऊन वर आला. सरपंचानं त्याला पुरणपोळी खाऊ घातली. काकाजींनी त्यातली अर्धी मागून घेतली आणि जाकिटांसमोर ठेवली.

आता मी दुसऱ्या गावी पोरांना बुड्या मारायला शिकवते. परवाच काकाजींचा फोन आला होता. "कसं हाये?" मी म्हटलं, मी मजेत आहे. "तुले कोन विचारून राहिलं? जाकिटं कशी हायेत?" असा हा माणूस. त्याच्याशी मी एकदा जे वागले ते सांगायचं म्हणूनच खरं तर हे लिहायला बसले, आणि बसल्यापासून टाळते आहे.

धानाची कापणी चालू होती. आमच्या सिहोऱ्याजवळच्या तलावात एकाचा पंप गेला होता, तो आम्ही काढला. संध्याकाळ झाली. बाकीचे गाडीतून पवनीला निघाले. मी म्हटलं, घर दोन पावलांवर आहे, आजची रात्र आईकडे राहते, उद्या सकाळी येते. जाकीट माझ्याकडेच राहू दे, धुऊन आणते. काकाजी त्या दिवशी आमच्यासोबत आलेले नव्हते, नाही तर गरीब्याला त्यांनी बाहेर राहू दिलंच नसतं.

मी धुतलं हो. खोटं नाही सांगत. आईच्या माठातलं पाणी घेऊन तीन पाण्यांनी धुतलं. उगाच हुशारी म्हणून उजव्या खांद्याचं झाकणही उघडलं, आतली रबरी चकती काढून पुसली. पण पुसलेली चकती ठेवली कुठे? तर अंगणातल्या तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगावर. धानाच्या घरची पोरगी मी! आमच्याकडे सगळं तणशीवरच ठेवतात : ओले कपडे, बाळ, जेवणाचा डबा. माझ्या डोक्यातही आलं नाही. चकती उचलली, बसवली, झाकण आवळलं आणि जेवायला गेले. आईनं तळ्यातल्या बारीक चिंगळ्यांचा रस्सा केला होता. जाकीट रात्रभर फुगवून ठेवायचं, हे मी साफ विसरले.

सकाळी तीन गाड्या बदलत शेडवर पोचले तोवर उशीर झाला होता. त्या दिवशी आमचं प्रात्यक्षिक होतं. काठावरच्या गावांतली माणसं, शाळेची मुलं जमली होती. काकाजी विहिरीवर घागरी भरत होते. बांबूवरच्या पाचही जाकिटांना लाल धागे बांधलेले होते, आणि माझ्या हातातल्या गरीब्याला नव्हता. काकाजींना दाखवलं असतं तर त्यांनी रात्रभराच्या हवेचं विचारलं असतं आणि मी काठावर बसले असते. ते मला नको होतं, कारण त्याच संध्याकाळी साहेब दोन नावं पाठवणार होते, समुद्रावरच्या मोठ्या प्रशिक्षणासाठी. एक रोशनचं, एक माझं. आईनं ही बातमी सिहोऱ्यात घरोघरी जाऊन सांगितली होती.

माझ्या मनगटाला सत्यनारायणाचा लाल धागा होता. मी तो सोडला आणि नळीला बांधला.

खाली जाताना काहीच झालं नाही. मी आणि रोशननं तळाच्या खांबाला दोर बांधला, वर आलो. वर आल्यावर किनारा लांब होता आणि वारा तोंडावर. पण लोक टाळ्या वाजवत होते, मीही मोठ्या ऐटीत तोंडातली श्वासाची नळी काढून हात हलवायला लागले. मग हनुवटीला पाणी लागलं. बटण दाबलं, जरा वर आले. पुन्हा हनुवटीला पाणी. पुन्हा बटण. उजव्या कानाजवळ फुस्स फुस्स असा बारीक आवाज येत होता, आणि सिलिंडरमध्ये हवा जेमतेम उरली होती. अशा वेळी कमरेच्या पट्ट्यातलं शिशाचं वजन सोडायचं, हे लहान मूलही सांगेल. पण मला काही म्हणजे काही सुचेना. नाकातोंडात पाणी गेलं.

किनाऱ्यावर शेकडो डोळे होते, पण कळलं एकालाच. "गरीब्याचा खांदा उतरून राहिला!" काकाजी बोंबलले. पोहायला शिकणाऱ्यांसाठी ट्रॅक्टरची एक मोठी ट्यूब ठेवलेली असायची. ती त्यांनी उचलली आणि पाण्यात शिरले. घोट्यापर्यंत पाण्यात न जाणारा माणूस तो. गुडघा, कंबर, छाती. डोळे गच्च मिटलेले, ट्यूब समोर ढकललेली, आणि तोंडानं एकच, "ये वो बाई, ये, ये! वजन टाक! वजन टाक वो!"

तो आवाज ऐकून माझा हात पट्ट्याकडे गेला. वजन सुटलं, रोशननं मागून काठाकडे रेटत नेलं आणि मी ट्यूबला मिठी मारली. मी बाहेर आले, चालत आले. काकाजी मात्र तिथेच उभे. पाय हलेचनात त्यांचे. दोन गडी आत गेले आणि काखेत धरून त्यांना उचलून घेऊन आले. शाळेच्या मुलांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "काकाजी, तुम्ही ठीक आहात ना?"

"आधी जाकीट काढ," ते म्हणाले.

शेडमध्ये त्यांनी गरीब्याला टबात बुडवलं. उजव्या खांद्यातून बुडबुड्यांची माळ निघाली. झाकण उघडलं, चकती काढली आणि सुईच्या टोकानं काहीतरी उचलून तळहातावर ठेवलं. धानाचं एक कुसळ. नखाएवढंही नव्हतं. मग त्यांनी नळीचा धागा बोटावर घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग माझ्याकडे पाहिलं.

साहेब आत आले. चेहरा लाल. "धागा होता?"

"होता," काकाजी म्हणाले.

"कोणी बांधला?"

"या शेडात धागा कोन बांधते, साहेब? मीच ना."

"आज पोरीचा जीव गेला असता, काकाजी!" साहेबांचा आवाज फाटला. "तुमच्या धाग्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो आम्ही. आता नाही जमायचं. उद्यापासून घरी आराम करा."

मी तिथेच उभी होते, दोन हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं मला. बोलले नाही. काकाजींनी टब पालथा केला, कुसळ कागदाच्या पुडीत बांधलं, खिशात टाकलं आणि सायकल घेऊन निघून गेले. संध्याकाळी साहेबांनी यादीत माझं नाव लिहिलेलं मी पाहिलं. लाज वाटते सांगायला, पण पाहून बरं वाटलं मला. क्षणभर का होईना, वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेडवर बादली वाजली नाही. रोशननं लाल्याला उन्हात टांगलं होतं आणि त्याच्यावर ओरडायला कोणी नव्हतं. ते मात्र मला बघवेना. त्याचीच गाडी घेतली आणि आसगाव गाठलं.

काकाजी ओट्यावर बसून नातवाच्या सायकलची ट्यूब घासत होते. मला पाहून म्हणाले, "चाहा घेशीन?"

"काकाजी, धागा मी बांधला होता."

"ठाऊक हाये मले."

"कसं?"

"माही गाठ दाव्याची अस्ते. बैल किती बी वढो, सुटत नाई. तुही गाठ रिबिनीची, वेनीले घालतेत तशी. फूल काढलं होतं ना वो तू त्याच्यावर!"

हसू की रडू कळेना. शेवटी रडलेच. "मग साहेबांना का नाही सांगितलंत? काहून स्वतःवर घेतलं?"

ते ट्यूब घासतच राहिले. "म्या गाठ बांधली अस्ती त म्या सांगतलं अस्तं. जो बांधन, सांगाचं काम बी त्याचंच. मी कायले सांगू?" मग चहा आला. "पे. थंडा होऊन राहिला."

परत येऊन मी सगळ्यांसमोर सांगितलं. तणस, चकती, चिंगळ्यांचा रस्सा, मनगटाचा धागा, आणि कालचं माझं गप्प राहणं. साहेबांनी समुद्रावरच्या प्रशिक्षण केंद्राला फोन लावला आणि यादीतलं माझं नाव काढायला सांगितलं. "सहा महिने जमिनीवर," म्हणाले. "धुणं करायचं. काकाजींच्या हाताखाली."

"काकाजी येतील?" रोशननं विचारलं.

"मी जातो आणायला," साहेब म्हणाले. आणि गेले. काकाजींनी चहा पाजला आणि एकच अट घातली : यापुढे मारक्याला साहेबांनी स्वतः धुवायचं, तिन्ही पाण्यांनी. फौजी माणूस, पण दुसऱ्याच दिवशी विहिरीवर बसून इमानदारीत नळीत पाणी ओतत होता. आईला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. सिहोऱ्यात तिला पुन्हा घरोघरी जावं लागलं ना!

ते सहा महिने मी धुतलं. हातांची कातडी सुरकुतली. रात्री जाकिटं फुगवायची, पहाटे कान लावायचा, आणि मग काकाजी मला लाल धागा द्यायचे, "बांध." मी बांधायची, दाव्याची गाठ, त्यांच्याकडूनच शिकलेली. ते जवळ यायचे, माझी गाठ सोडायचे आणि स्वतःची बांधायचे. रोज. सहाच्या सहा.

"काय चुकलं?" मी विचारायची.

"काई नाई चुकलं."

"मग सोडता कायले?"

"सोडून पायतो."

एकदा माझं डोकंच फिरलं. बादली आपटली मी. म्हटलं, "जन्मभर सोडत बसा!" काकाजींनी बादली उचलली, पोचा आला का ते पाहिलं आणि परत माझ्या हातात दिली. त्या दिवशी तिसऱ्या पाण्यानंतर त्यांनी मला चौथंही करायला लावलं.

वैशाख लागला. ऊन असं, की बांबूला हात लावला तरी चटका बसावा. नदीचं पाणी उतरलं होतं, काठाला छातीएवढंच होतं. माझे सहा महिने संपत आले होते. त्या दिवशी सकाळी मी सहा गाठी बांधून, आता हे सोडतील म्हणून पाठ फिरवून चूळ भरत होते. मागून आवाज आला, "गरीब्याची गाठ कोनाची हाये?"

"माझी होती. सोडली असेल ना तुम्ही."

"नाई सोडली."

मी वळले. काकाजी अंगातला सदरा काढून खुंटीला अडकवत होते. बंडी आणि धोतर. पांढऱ्या केसांची छाती धडधडताना लांबून दिसत होती.

"बांध मले थे जाकीट," ते म्हणाले.

"काकाजी!"

"बांध म्हनतो ना. अन् हवा तू भर. तोंडानं."

मी नळी तोंडात धरली, बटण दाबलं आणि गरीब्याच्या पोटात फुंकत गेले, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत. काकाजींनी कान लावला. मग दोन्ही हात मागे केले, लहान पोराला शाळेचा सदरा घालतात तसं मी त्यांना जाकीट चढवलं, बकलं लावली, पट्टे ओढले. रोशन आला, साहेब आले. आम्ही दोघं पाण्यात शिरलो. गुडघा, कंबर. त्यांनी माझं मनगट असं आवळलं होतं, की चार दिवस निळं राहिलं. छातीपर्यंत आल्यावर थांबले.

"आता?"

"आता पाय उचला, काकाजी."

"खांद्यावर ध्यान ठेवजो."

"ठेवते."

त्यांनी डोळे मिटले आणि पाय उचलले. "अरे बाप्पा! अरे बाप्पा!" एवढं दोनदा निघालं तोंडातून. काकाजी तरंगत होते. धोतर भोवती फुगलं होतं, पायाचे अंगठे पाण्याबाहेर, तोंड आभाळाकडे. काही वेळानं त्यांनी एक डोळा उघडला. "उतरला का खांदा?"

"नाही उतरला."

"नीट पाहून सांग."

"नाही उतरला, काकाजी."

मग त्यांनी माझं मनगट सोडलं.

किती वेळ तरंगले कोण जाणे. साहेब घड्याळ पाहायचं विसरले होते आणि रोशनसारखा रोशन नाक ओढत होता. शेवटी मी त्यांना काठाकडे ओढत आणलं. पाय टेकले तसे ते उभे राहिले, चार पावलं चालले आणि दगडावर बसले. मिशांतून पाणी गळत होतं आणि तोंडभर हसू होतं. एवढं हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

मी समोर उकिडवी बसले. "कसं वाटलं, काकाजी?"

त्यांनी बकल काढलं, जाकीट उतरवून माझ्या हातात दिलं. ओला धागा नळीला तसाच होता.

"आधी जाकीट धू," ते म्हणाले. "मंग विचारजो."

मी बादली घेऊन विहिरीवर गेले.